बायोकेमिस्ट्रीतल्या एकाचे ९० पेपर, एच-इंडेक्स २८ (म्हणजे निदान २८ पेपरांचा प्रत्येकी निदान २८ वेळा दुसऱ्या पेपरांत संदर्भ, म्हणजे सायटेशन). दुसरीचे ३१ पेपर, एच-इंडेक्स १५. पीएचडीसाठी गाइड म्हणून कोण सरस?

एवढ्यावरून सांगता येत नाही, आणि जो छातीठोकपणे सांगेल त्याच्याकडे पीएचडी करू नका.

त्या ९० मध्ये रिव्ह्यू (आधीच्या कामाचे नुसते आढावे) किती, शेवटचं नाव (ते बहुधा लॅबप्रमुखाचं असतं) त्यांचं किती ठिकाणी आणि मधल्या गर्दीत किती ठिकाणी, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. आकडे गूगल स्कॉलरचे की स्कोपसचे (दोन्ही सायटेशन मोजतात), तेही नाही. स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (जर्नलच्या तपासणीआधी टाकलेले पेपर) सगळंच धरतं, त्यामुळे तिथला आकडा बहुधा फुगलेला असतो. एकाचा इथून नि दुसरीचा तिथून उचलला असेल तर तुलनाच बाद.

सायटेशन म्हटलं की माझं डोकं का फिरतं ते सांगते. पोस्टडॉक असताना माझ्याकडे एका एन्झाइमचं काम होतं. त्याला आणखी एक, अगदी वेगळीच अॅक्टिव्हिटी आहे असा दुसऱ्या गटाचा पेपर आधीच गाजला होता. मी त्यांच्याच पद्धतीने ई. कोलाय या जिवाणूत ते प्रथिन बनवलं, निकेलच्या कॉलमवर चिकटवून वेगळं काढलं. ती अॅक्टिव्हिटी मिळाली. मग अॅक्टिव्ह साइटमधलं, म्हणजे एन्झाइम जिथे काम करतं तिथलं, सिरीन हे अमिनो आम्ल काढून अॅलनीन घातलं. मूळची अॅक्टिव्हिटी मेली, नवी मात्र जशीच्या तशी! तिथेच पाल चुकचुकली. जेल फिल्ट्रेशन केलं, म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी केली, तर आमचं प्रथिन एका फ्रॅक्शनमध्ये आणि ती अॅक्टिव्हिटी बरीच पुढे, भलत्याच फ्रॅक्शनमध्ये. कूमासी या नेहमीच्या रंगाने तिथे काही दिसेना. त्याहून तीक्ष्ण असा सिल्व्हर स्टेन केल्यावर केसाएवढा बारीक बँड उमटला. ई. कोलायचं स्वतःचं प्रथिन, निकेलला चिकटून आमच्याबरोबर उतरलेलं.

पेपर छापला. त्यात त्या चुकीच्या पेपरचा संदर्भ देणं भागच होतं, म्हणजे त्यांचं एक सायटेशन आम्हीच वाढवलं. मोजणाऱ्या यंत्राला ‘यांचं बरोबर आहे’ आणि ‘यांचं चुकलंय’ सारखंच. तो पेपर आजही आमच्यापेक्षा कितीतरी जास्त साइट होतो, बहुतेक वेळा प्रस्तावनेच्या दुसऱ्या ओळीत, चार संदर्भांच्या जुडग्यात. पुढे एका मुलाखतीत समितीतल्या एका गृहस्थांनी फोनवर माझं प्रोफाइल वरखाली सरकवलं आणि म्हणाले, एच-इंडेक्स जरा कमीच आहे. पेपर कशावर आहे, हे विचारलं नाही.

बरं, सायटेशन म्हणजे थोरवी असेल तर आपल्या विषयाचे सम्राट कोण? प्रथिन मोजायची पद्धत देणारे लॉरी. त्यांच्या १९५१ च्या पेपरला ३ लाखांवर सायटेशन्स. ‘नेचर’ने २०१४ मध्ये सर्वाधिक उद्धृत १०० पेपरांची यादी छापली तेव्हा तो पहिला, लेमलींचा १९७० चा, जेलवर प्रथिनं वेगळी करायचा दुसरा आणि ब्रॅडफर्डचा १९७६ चा, प्रथिन मोजायचाच तिसरा. तिन्ही रोजच्या बाकावरच्या पद्धती. डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा १९५३ चा पेपर त्या शंभरात नाही. गंमत म्हणजे लॉरींच्या त्या ३ लाखांनी त्यांच्या एच-इंडेक्समध्ये भर पडते ती फक्त १ ची! क्रेब्ज यांचं सायट्रिक अॅसिड चक्रावरचं टिपण तर १९३७ मध्ये ‘नेचर’नेच परत पाठवलं होतं. ते ‘एन्झायमॉलॉजिया’त छापून आलं आणि १९५३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

आता तुमचं. दोघांचे गेल्या पाच वर्षांतले मूळ संशोधनाचे पेपर काढा. पहिलं नाव विद्यार्थ्याचं आहे का, आणि तो विद्यार्थी त्यानंतर कुठे गेला, ते बघा. सगळ्यात जास्त साइट झालेला पेपर घ्या आणि त्याला साइट करणारे दहा उघडा. लोकांनी ती पद्धत खरंच वापरलीय की नुसतं नाव घेतलंय, ते अर्ध्या तासात कळतं.

आकडे अगदीच टाकाऊ नाहीत, हेही खरं. वर्षानुवर्षं स्वतःच्या लॅबबाहेर कोणीच साइट करत नसेल तर शंका घ्यावी. आणि दुसरी व्यक्ती वयाने लहान असेल तर १५ हा आकडा चांगलाच आहे. एच-इंडेक्स वयाबरोबर वाढतो, कमी कधीच होत नाही.

पेपरांची संख्या मोठी दिसली की मात्र सलग दोन पेपर शेजारी ठेवून वाचाच. माझ्या त्या लॅबमधल्या एका सहकाऱ्याचं म्हणणं होतं की म्युटंटचा (सिरीन बदललेल्या प्रथिनाचा) एक पेपर कर, कंटॅमिनंटचा (त्या भेसळीच्या प्रथिनाचा) दुसरा, मग दोन्हींवर रिव्ह्यू. मी म्हटलं, दुसऱ्याशिवाय पहिल्याला अर्थच नाही, वाचणाऱ्याने अर्धं उत्तर घेऊन काय करायचं? यावरून आमचं चांगलंच वाजलं. त्याने स्वतःच्या कामाचे तसेच तुकडे केले आणि आज त्याचा एच-इंडेक्स माझ्या दुप्पट आहे. विचारलं की म्हणतो, ते प्रश्नच वेगळे होते. कसले वेगळे? मटेरियल्स अँड मेथड्स उघडून बघा, बफरच्या पीएचपर्यंत सगळं एकच आहे.