ट्रान्सफर फेल गेली, माझंच काहीतरी चुकलं असणार...

आयव्हीएफ (लॅबमध्ये गर्भ तयार करून तो गर्भाशयात सोडणं, या सोडण्यालाच ट्रान्सफर म्हणतात) फेल गेलेल्या बायकांकडून समुपदेशक म्हणून मी वर्षानुवर्षं एकच प्रश्न ऐकत आलेय, शब्द तेवढे इकडचे तिकडे. मी टेन्शन घेतलं म्हणून असं झालं का. त्या दिवशी लिफ्ट बंद होती आणि जिने चढले, त्याने झालं का. स्कूटीवर बसले ते नडलं का. हल्ली त्याला एक नवं शेपूट लागलंय, "पुढच्या वेळी एम्ब्रिओची, म्हणजे त्या लॅबमधल्या गर्भाची, टेस्ट करून घेतली तर नक्की राहील ना?" हे दोन वेगळे प्रश्न वाटतात, पण माझ्या मते प्रश्न एकच आहे, आणि तो मला ज्या जोडप्यामुळे सगळ्यात स्वच्छ दिसला त्यांचं सांगते. नावं, गाव, नोकऱ्या सगळं बदललंय आणि बऱ्याच भेटींमधलं मोजकंच इथे आहे.

तिला मृणाल म्हणू, वय 34, पतसंस्थेत नोकरी. नवरा निखिल, कंपनीत सुपरवायझर. चार एम्ब्रिओ तयार झाले होते. पहिली ट्रान्सफर, बीटा (गर्भ राहिला का हे सांगणारी रक्ताची तपासणी) निगेटिव्ह. दुसरीला बीटा पॉझिटिव्ह आला, घरात पेढे आणायचे की थांबायचं यावर चर्चा सुद्धा झाली, आणि सातव्या आठवड्यात सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत. दोन एम्ब्रिओ फ्रोझन होते. डॉक्टरांनी सांगितलं, टेस्टिंगचा पर्याय आहे, दोघं विचार करून सांगा. तो विचार काही होईना, म्हणून माझ्याकडे आली. एकटीच.

अहोजाहो करू नका मॅडम, असं तिनंच पहिल्या भेटीत सांगितलं. आणि फोन काढून मला एक यादी दाखवली. दोन्ही ट्रान्सफरनंतरच्या दिवसांत काय काय केलं त्याची. तारखेसकट. जोरात शिंकले, नणंदेशी फोनवर वाद झाला, ऑडिटमुळे दोन तास बसून काम केलं, रात्री रडले. एक नोंद तर "मनात वाईट विचार आला" अशी होती.

"ही यादी कशाला ठेवलीस?"

"पुढच्या वेळी यातलं काही करायचं नाही म्हणून."

"आणि यातलं काही न करताही फेल गेलं तर?"

"तर मग यादीत नसलेलं काहीतरी असेल."

हे ती इतक्या सहज बोलली ना की मी तिथेच थांबले. जगात काहीही झालं तरी दोष तिचाच निघणार अशी सोय तिनं करून ठेवली होती.

इथे बहुतेक जण "अगं असं काही नसतं" म्हणून मोकळे होतात. मी आधी माहिती देते, सरळ आणि पूर्ण, कारण समोरच्या माणसाला विचार करता येतो यावर माझा विश्वास आहे. तर तिला सांगितलं की टेन्शनचा आणि आयव्हीएफच्या रिझल्टचा संबंध लोकांनी खरोखर तपासलाय. कार्डिफ विद्यापीठाच्या जॅकी बोइव्हिन आणि सहकाऱ्यांनी 14 अभ्यास एकत्र केले, त्यात 3583 बायका होत्या, 2011 साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. ट्रीटमेंट सुरू होण्याआधी कोण किती तणावात होती यावरून पुढे गर्भ राहील की नाही याचा काही पत्ता लागत नाही, असं निघालं. जिन्यांचं म्हणाल तर ट्रान्सफरनंतर पडून राहण्याने फायदा होतो असं काही दिसलेलं नाही. स्पेनमधल्या एका अभ्यासात तर ट्रान्सफरनंतर लगेच उठून गेलेल्या बायकांचे रिझल्ट पडून राहिलेल्यांपेक्षा चांगले होते. आणि सुरुवातीच्या मिसकॅरेजमध्ये निम्म्याच्या आसपास किंवा जास्त वेळा कारण क्रोमोसोमची (गुणसूत्रांची) गडबड हेच असतं, आणि ती गडबड बहुतेकदा बीज तयार होतानाच झालेली असते. म्हणजे ती नणंदेशी भांडली त्याच्या कितीतरी आधी.

हे ऐकून तिला हायसं वाटेल अशी कोणाचीही समजूत होईल. पण अशा वेळी लोक चिडतात, हे मी बऱ्याचदा पाहिलंय आणि त्याची वाटच बघत होते.

"म्हणजे माझ्या हातात काहीच नाही?" आवाज चढला तिचा. "औषधं वेळेवर घ्यायची आणि बसायचं फक्त? मग मी करू काय?"

मी म्हटलं, "दोष गेला तर बरं वाटायला हवं होतं ना?"

ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "दोष असला तर निदान सुधारता तरी येतो."

हेच ते. अपराधीपणा आपल्याला छळतो हे खरंय, पण तो आपल्याला काहीतरी देतही असतो म्हणून सुटत नाही. माझं चुकलं असेल तर पुढच्या वेळी न चुकता मला बाळ मिळेल, हा त्याच्या पोटातला हिशोब. तो हिशोब सोडायचा म्हणजे हे मान्य करायचं की सगळं नीट करूनही मिळणार नाही असं होऊ शकतं, आणि ते अपराधीपणापेक्षा जास्त भीतीदायक आहे. म्हणून "तुझा काही दोष नाही" असं शंभर वेळा सांगून उपयोग होत नाही. माणूस दोषाला धरून नसतो, त्या हमीला धरून असतो. मी विवेकनिष्ठ वळणाची समुपदेशक आहे, त्यामुळे मला हे "मिळायलाच हवं" आणि "मिळावं अशी खूप इच्छा आहे" यातलं अंतर दिसलं की तिथेच बोट ठेवावंसं वाटतं. इच्छा कितीही मोठी असू दे, ती सोडायला मी सांगत नाही. हमी मात्र मागू नका, ती देणारं कोणी नाही.

पुढच्या भेटीला निखिलला आणायला सांगितलं. आला, खुर्चीच्या टोकावर बसला, आणि लगेच म्हणाला की टेस्ट करून टाकू मॅडम, पैशाचं बघतो मी, निदान कळेल तरी. फाइलमध्ये मला दिसत होतं की त्याच्या रिपोर्टमध्ये शुक्राणूंची हालचाल कमी होती, इक्सी (शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात सोडणं) त्यासाठीच केलेली. घरी मात्र "मृणालची ट्रीटमेंट चालू आहे" एवढंच माहीत होतं. हे ठरवून केलेलं नव्हतं, कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही, आणि सात वर्षं तसंच चाललं. (आपल्याकडे हे इतक्या घरांत असंच चालतं की आता मला आश्चर्य वाटत नाही, राग मात्र अजून येतो.)

दोघांना मी एकच प्रश्न विचारला. हा प्रश्न मी पुष्कळ जोडप्यांना विचारलाय आणि तो क्वचितच वाया गेलाय. "समजा टेस्ट केली. रिपोर्ट कसा यावा असं वाटतं? बरोबर उत्तर नको, मनात पहिलं जे येईल ते सांगा."

निखिल म्हणाला, "नॉर्मल. अर्थातच."

मृणाल बोलेना. मी घाई केली नाही. पंखा चालू होता, बाहेर कोणीतरी गाडी रिव्हर्स घेत होतं, मी थांबून राहिले. शेवटी ती खाली बघत म्हणाली, "दोन्ही खराब यावेत असं वाटतं."

"काय बोलतेस?" निखिल.

"खराब आले तर एम्ब्रिओच खराब होते असं होईल ना. मग मी सुटले." आणि हे आपण काय बोललो ते कळून ती जी रडायला लागली... ज्या बाळासाठी एवढं सगळं चाललंय त्याचाच रिपोर्ट वाईट यावा असं आपल्याला वाटतंय, हे तिला तोवर स्वतःलाही माहीत नव्हतं.

निखिल तिच्याकडे बघत राहिला आणि मग जे बोलला त्याची मी खरंच अपेक्षा केली नव्हती. "मला उलटं वाटतं. खराब आले तर माझ्यामुळे. नॉर्मल आले तर मी सुटलो."

म्हणजे एकाच टेस्टमधून दोघांना आपापली सुटका हवी होती, आणि एक सुटला की दुसरा अडकणार. बाळ कुठेच नव्हतं त्यात. एक कोर्ट होतं, आणि दोघंही आरोपी. मला वाटतं त्या तासात सात वर्षांत पहिल्यांदा ते एकमेकांच्या बाजूला बसले. मी फक्त एवढंच म्हटलं, की ही टेस्ट "का" याचं उत्तर देतच नाही. रिपोर्टवर क्रोमोसोम कमी की जास्त एवढं येतं. कोणाची चूक हा रकानाच नाही त्यात.

आता टेस्टबद्दल, कारण विचारणारे खूप आहेत. हिला पीजीटी-ए म्हणतात. पाचव्या-सहाव्या दिवसाच्या एम्ब्रिओच्या बाहेरच्या थरातून थोड्या पेशी काढतात, हा थर पुढे वार (प्लॅसेंटा) होतो, बाळ आतल्या पेशींपासून होतं. त्यामुळे काढलेल्या पेशी म्हणजे अख्खा एम्ब्रिओ नव्हे. काही रिपोर्ट मधलेच येतात, मोझेक म्हणतात त्यांना, आणि असे एम्ब्रिओ ट्रान्सफर करूनही निरोगी बाळं झालेली आहेत, इटलीतल्या डॉक्टरांनी 2015 मध्येच ते मांडलंय. फायद्याचं बोलायचं तर 2019 च्या स्टार नावाच्या मोठ्या अभ्यासात टेस्ट करून निवडलेल्या एम्ब्रिओने ट्रान्सफरमागे 50 टक्के गरोदरपणं टिकली आणि नुसतं बघून निवडलेल्याने 46 टक्के, म्हणजे ठोस फरक नाही. 35 ते 40 वयाच्या बायकांमध्ये मात्र टेस्टच्या बाजूने फरक दिसला होता. 2021 मध्ये चीनमधला 1212 बायकांचा अभ्यास आला, वय 37 पर्यंत, चांगले एम्ब्रिओ भरपूर असलेल्या. तिथे शेवटी बाळ झालं टेस्ट केलेल्या गटात 77.2 टक्के आणि न केलेल्या गटात 81.8. गर्भपात मात्र टेस्टवाल्या गटात कमी होते. आणि लक्षात घ्या, स्टारमध्ये टेस्टमध्ये नॉर्मल ठरलेल्यांमध्येही निम्मेच टिकले. टेस्ट एम्ब्रिओ सुधारत नाही, आहेत त्यातला आधी कुठला घ्यायचा एवढं सांगते. दोनच एम्ब्रिओ असतील तर निवडायला आहेच काय, आणि फ्रोझन असतील तर ते पुन्हा वितळवून, पेशी काढून, पुन्हा गोठवायचे, त्यात थोडा धोका असतोच.

वय चाळिशीकडे झुकलेलं असेल, वारंवार गर्भ पडत असेल, एम्ब्रिओ पुष्कळ असतील, तर हिशोब बदलतो. 40 ला निम्म्याहून जास्त एम्ब्रिओंमध्ये क्रोमोसोमची गडबड सापडते, तेव्हा प्रत्येक वाईट ट्रान्सफर वाचवण्याला आणि प्रत्येक मिसकॅरेज टाळण्याला किंमत आहे. आणि थॅलेसेमिया किंवा सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारांचे दोघंही कॅरिअर (वाहक) असतील (विदर्भातल्या, नंदुरबारकडच्या लोकांनी हे आवर्जून बघावं) तर प्रत्येक वेळी बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, त्यासाठीची टेस्ट वेगळी आहे आणि तिचा उपयोग नि:संशय आहे. दोन्हींना लोक एकाच नावाने ओळखतात त्याने फार घोळ होतो.

मृणालच्या सासूबाईंनी मध्येच विचारलेलं, "त्यात मुलगा-मुलगी पण कळतं ना गं?" हे विचारणाऱ्या त्या एकट्या नाहीत म्हणून लिहिते. लिंग सांगणं किंवा त्यावरून एम्ब्रिओ निवडणं गुन्हा आहे. महाराष्ट्राने गर्भलिंग तपासणीवर 1988 मध्येच कायदा केला होता, मग देशाचा 1994 चा आला. आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीच्या 2021 च्या एआरटी कायद्यातही एम्ब्रिओची तपासणी फक्त आधीपासून माहीत असलेल्या आनुवंशिक किंवा जनुकीय आजारांसाठीच म्हटलंय. अमेरिकेत बुद्धिमत्तेचे अंदाज सांगून एम्ब्रिओ निवडून देणाऱ्या कंपन्या आहेत, तिथल्या नातेवाइकांनी लिंक पाठवली तर भुलू नका.

त्या दोघांनी टेस्ट नाही केली. मी सांगितलं म्हणून नव्हे, मी करा किंवा करू नका असं कधीच सांगत नाही, ते डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. कोर्ट उठल्यावर टेस्टची गरज त्यांना आपोआप कमी वाटली एवढंच. घरी निखिलने स्वतःच आईला सांगितलं की रिपोर्ट माझाही कमी आहे. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी मृणालला म्हणाल्या, आधी का नाही सांगितलंस. तिसरी ट्रान्सफर फेल गेली. मृणाल खूप रडली, दोन दिवस रजा टाकली, मला फोनवर म्हणाली वाईट वाटतंय, फार वाईट वाटतंय. काय चुकलं असं तिनं एकदाही विचारलं नाही. मला त्या फोनचं समाधान आहे, आणि ते मी लपवत नाही. दुःख व्हायलाच हवं होतं तिथे, दुःखाला मी कधीच हात लावत नाही. चौथ्या एम्ब्रिओचं त्यांचं अजून ठरतंय.

तर ज्या जणी हे वाचतायत, डॉक्टरांना विचारा की माझ्या वयाला, माझ्याकडे जेवढे एम्ब्रिओ आहेत तेवढ्यात, या टेस्टने बाळ होण्याची शक्यता किती वाढेल, की फक्त वेळ आणि मिसकॅरेज वाचेल. उत्तर आकड्यात मागा. समुपदेशन देणं ही कायद्याने क्लिनिकची जबाबदारी आहे, ते मागायला लाजू नका. घरच्यांनी "टेन्शन घेऊ नकोस" म्हणणं बंद करावं, कारण त्याचा अर्थ तिला "फेल गेलं तर तूच घेतलंस" असा ऐकू येतो. त्यापेक्षा इंजेक्शनला सोबत जा.

आणि माझ्याकडे येणार असाल तर नवऱ्याला घेऊन या. त्याला वेळ नसेल तर त्याच्या सोयीची वेळ देते, रविवारीही देते, पण दोघांचं म्हणून जे आहे ते एकटीने येऊन सांगू नका.