शाळेचा आकडा आणि शेजाऱ्यांचा पगार

(अमेरिकेतील टेक्सास राज्यात, डॅलसजवळच्या एका उपनगरात राहणाऱ्या मराठी वडिलांचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी तेथील सरकारी हायस्कूलमध्ये नववीत आहे, गुण उत्तम आहेत आणि ती शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. घरखरेदीच्या एका संकेतस्थळावर या शाळेला दहापैकी पाच गुण दिलेले त्यांनी पाहिले. निम्म्याहून अधिक विद्यार्थी हिस्पॅनिक (मेक्सिकोसारख्या स्पॅनिशभाषक देशांत मुळे असलेले) आणि निम्म्याहून अधिक ‘आर्थिकदृष्ट्या वंचित’ असल्याचेही तेथेच वाचले. तेथे सरकारी शाळा राहत्या पत्त्यावरून ठरते; म्हणून राहते घर विकून नऊ गुणांच्या शाळेच्या हद्दीत जावे का, असा त्यांचा प्रश्न आहे. पत्नीचा विरोध आहे; मुलीचे मत विचारलेले नाही, कारण ‘ती अजून लहान आहे’.)

आपले पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात मुलीच्या अभ्यासाविषयीची काळजी शोधत होते. ती सापडली नाही, कारण तिच्या अभ्यासात काळजी करण्यासारखे काही नाहीच. ‘वातावरण’ हा शब्द मात्र पाच वेळा आला आहे. त्या वातावरणात नेमके काय घडले, हे एकदाही आलेले नाही. वर्गातील दांडगाई, न शिकवणारा शिक्षक, अमली पदार्थ, यांपैकी कशाचाही उल्लेख नाही. केवळ टक्केवारी आहे. म्हणून स्पष्ट लिहिते: आपण शाळेचा निकाल वाचून घाबरलेले नाही, विद्यार्थ्यांच्या वंशाचा रकाना वाचून घाबरला आहात.

पत्राच्या शेवटी आपण सहज एक वाक्य लिहून गेला आहात, की हल्ली ती मैत्रिणींना घरी आणत नाही. आपल्याला हा अभ्यासाचा ताण वाटतो. त्याच्या दोन ओळी आधी आपण लिहिले आहे, की घर बदलण्याची चर्चा गेले काही महिने जेवणाच्या टेबलावर चालू आहे आणि तिची सर्वांत जवळची मैत्रीण मेक्सिकन कुटुंबातील आहे. ही दोन वाक्ये आपण एकमेकांशेजारी ठेवून पाहावीत. वडील ज्या मुलांना धोका समजतात त्यांतीलच एक आपली मैत्रीण आहे, हे ऐकत जेवणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीपुढे दोनच वाटा उरतात: मैत्रिणीला कमी लेखायचे किंवा वडिलांना सांगणे बंद करायचे. तिने दुसरी वाट धरलेली दिसते. मला या पत्रात चिंता वाटली ती एवढ्याच एका गोष्टीची.

आता त्या रकान्यांविषयी. टेक्सासच्या सरकारी शाळांतील निम्म्याहून थोडे अधिक विद्यार्थी हिस्पॅनिक आहेत आणि ६० टक्क्यांच्या आसपास ‘आर्थिकदृष्ट्या वंचित’ गटात मोडतात. म्हणजे आपल्या मुलीची शाळा अपवाद नाही, ती टेक्साससारखीच आहे. अपवाद असेल तर तो आपण जिकडे जाऊ पाहता ती शाळा. या गटाची व्याख्याही पाहावी. शाळेत मोफत किंवा सवलतीच्या दरात जेवण मिळण्यास पात्र असलेली मुले त्यात येतात, आणि २०२४-२५ साली चौघांच्या कुटुंबासाठी ही मर्यादा वर्षाला ५७,७२० डॉलर होती. शाळेची बस चालवणारा, रुग्णालयात मदतनीस असणारी, आपले कार्यालय रात्री स्वच्छ करणारी अशी कष्टकरी माणसे या मर्यादेखाली असतात. ‘एशियन’ या रकान्यातही केवळ आपल्यासारखे अभियंते नाहीत. डॅलसमध्ये आश्रयाला आलेली म्यानमारमधील कुटुंबेही त्याच रकान्यात मोजली जातात.

यातला मोठा गैरसमज असा, की शाळेची सरासरी म्हणजे तेथे शिकणाऱ्या प्रत्येक मुलाच्या वाट्याला येणारे यश. सरासरी ही बहुतांशी मुले शाळेत येताना घरून काय घेऊन येतात याची मोजणी असते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या १९६६ च्या अहवालात सुमारे चार हजार शाळांतील सहा लाख विद्यार्थ्यांचा अभ्यास झाला होता, आणि गुणांमधील फरकाशी शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा कौटुंबिक पार्श्वभूमीचा संबंध अधिक असल्याचे त्यातून पुढे आले. अलीकडे स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधक शॉन रीअर्डन यांनी देशभरातील चाचण्यांचे आकडे दोन तऱ्हांनी मांडले: मुलांची पातळी काय आहे हे एकीकडे आणि दरवर्षी किती पुढे सरकतात हे दुसरीकडे. पहिला आकडा वस्तीच्या सुबत्तेबरोबर चालतो, दुसऱ्याचा तिच्याशी फारसा संबंध नाही. शिकागोच्या सरकारी शाळांची सरासरी कमी होती, तरी तेथील मुलांनी तिसरी ते आठवी या पाच वर्षांत सहा वर्षांइतकी प्रगती केल्याचे त्यांना आढळले. ज्या आकड्यावरून आपण घर विकायला निघाला आहात, तो बराचसा शेजाऱ्यांच्या पगाराचा आकडा आहे, आणि नव्या घराच्या किमतीत त्याचे पैसे आपल्याकडून पुन्हा वसूल होणार आहेत. शाळेची हद्द आणि घराची किंमत यांची ही गाठ टेक्सासात जुनी आहे. घरांवरील स्थानिक करातून शाळांना पैसा मिळतो, म्हणून गरीब वस्तीच्या शाळाही गरीब राहतात, अशी तक्रार सॅन अँटोनिओ शहराच्या एजवूड भागातील पालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत घेऊन गेले आणि १९७३ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी हरले.

आपण स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकल्याचे अभिमानाने लिहिले आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांमागे निम्मा वर्ग रिकामा होत असे, हेही आपणच लिहिले आहे. त्या वर्गाची सरासरी काढून कोणी आपल्या वडिलांपुढे ठेवली असती, तर तीही पाचाच्या वर गेली नसती. तरी तेथील गणिताच्या गुरुजींचे नाव आपल्याला आजही आठवते.

परीक्षांविषयी फार लिहीत नाही. एसएटी (महाविद्यालयीन प्रवेशासाठीची परीक्षा) आणि एपी (हायस्कूलमध्येच शिकवले जाणारे महाविद्यालयीन पातळीचे विषय व त्यांच्या परीक्षा) यांची माहिती आपल्याला माझ्याइतकीच आहे. एक गोष्ट मात्र आपल्या हिशेबात आलेली दिसत नाही. टेक्सासमध्ये १९९७ च्या कायद्याने शाळेतील पहिल्या १० टक्के विद्यार्थ्यांना राज्याच्या सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश मिळतो. ऑस्टिनच्या विद्यापीठात जागा अपुऱ्या पडतात, त्यामुळे तेथे ही मर्यादा कमी असते. २०२६ च्या प्रवेशासाठी ती ५ टक्के ठरली. हा क्रम स्वतःच्या शाळेतील मुलांमध्ये लावला जातो, संकेतस्थळाने शाळेला किती गुण दिले याच्याशी त्याचा संबंध नाही. त्यातून संगणकशास्त्रासारख्या शाखेची हमी मिळत नाही, तेथे वेगळी चुरस असते. तरीही आज पहिल्या काही मुलांत असलेल्या मुलीला उचलून, जिथे अर्धा वर्ग त्याच क्रमासाठी शिकवण्या लावतो अशा ठिकाणी दहावीत नेऊन ठेवायचे, याला मी करिअरचे नियोजन म्हणणार नाही. केवळ क्रमाच्या लोभाने सोप्या शाळेत राहावे, असे मात्र मी म्हणत नाही.

कारण प्रत्येक पाच गुणांची शाळा चांगली असते, असेही नाही. एपी कॅल्क्युलस बीसी (कलनशास्त्राचा वरचा अभ्यासक्रम) आणि भौतिकशास्त्र दरवर्षी शिकवले जाते की केवळ पुस्तिकेत छापलेले असते, शिक्षक टिकतात का, एका समुपदेशकाकडे किती विद्यार्थी आहेत (तेथील समुपदेशकांची राष्ट्रीय संघटना २५० ची शिफारस करते), हे आपण शाळेत जाऊन विचारावे. कॅल्क्युलसच नसेल आणि जवळच्या कम्युनिटी कॉलेजातही (स्थानिक सरकारी महाविद्यालयात) त्याची सोय होत नसेल, तर घर बदलण्याचा विचार रास्त ठरेल, आणि तसे मी मोकळेपणाने सांगेन. टेक्सास शिक्षण खाते प्रत्येक शाळेचा वार्षिक अहवाल प्रसिद्ध करते. एपीला किती मुले बसली आणि कितींना पाचपैकी तीन किंवा अधिक गुण मिळाले, हे त्यात पाहता येते. त्याच तक्त्यात वंशाच्या रकान्यांपुढे आणखी दोन रकाने आहेत, ज्यांकडे कोणाचे लक्ष जात नाही: सलग त्याच ठिकाणी शिकलेली मुले आणि तशी सलग न शिकलेली मुले. विद्यार्थ्याचे स्थलांतर राज्याला वेगळे मोजण्याइतके महत्त्वाचे वाटते. आपण मुलीला स्वतःहून त्या दुसऱ्या रकान्यात घालायला निघाला आहात.

तोवर घराचा विषय जेवणाच्या टेबलावरून उठवावा, आणि त्या मैत्रिणीला तिच्या आईवडिलांसह एकदा जेवायला बोलवावे. मुलीलाही मला पत्र लिहायला सांगावे. दहावीला कोणते विषय घ्यायचे आहेत, बँड चालू ठेवायचा आहे का, घर बदलण्याविषयी तिला काय वाटते, हे तिने तिच्या शब्दांत कळवावे, मराठीत जमत नसेल तर इंग्रजीत. ते पत्र पाठवण्यापूर्वी आपण वाचू नये.