सायकलस्वाराचे काटकुळे पाय

प्रश्न : माझे वय २६, उंची १७५ सेंटिमीटर आणि वजन ५८ किलो आहे. आठवड्यातून चार दिवस मी पहाटे फोंडा ते मडगाव आणि परत अशी सायकल चालवतो आणि आल्यावर पेज घेतो. दम वाढला, पाय मात्र काटकुळेच राहिले. ते पिळदार कसे होतील?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : सायकलीच्या प्रत्येक पेडलला आपल्या कमाल ताकदीचा लहानसाच अंश खर्च होत असल्याने हजारो फेऱ्यांनी स्नायूंची चिकाटी वाढते, परंतु ते जाड होण्यासाठी लागणारा ताण त्यातून क्वचितच मिळतो. म्हणून आठवड्यातून दोनदा वजनाचे व्यायाम करावेत. स्क्वॉट (वजन घेऊन बैठका) आणि पोटऱ्यांसाठी टाचा उचलणे आवश्यक आहेच, पण मांडीचा मागचा भाग सायकलीवर तुलनेने कमी राबत असल्यामुळे रोमानियन डेडलिफ्ट (पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकत वजन खाली-वर नेणे) मुळीच टाळू नये. प्रत्येकी ३ सेट, ८ ते १२ आवर्तने, आणि शेवटची दोन जड जावीत इतके वजन असावे. फोंड्याजवळच्या फर्मागुडीचा चढ जड गिअरवर चढणे ही पुरवणी झाली, पर्याय नव्हे. गुडघा दुखला तर ते थांबवावे.

खरी उणीव मला आहारात दिसते. किलोमागे सुमारे १.६ ग्रॅम, म्हणजे आपल्याला रोज ९० ग्रॅमच्या आसपास प्रथिने लागतील. पहाटेच्या श्रमानंतर नुसत्या पेजेने ही गरज भागणार नाही. अंडी, बांगडा, अळसांदे (गोव्याकडची चवळी) यांची जोड हवी. आपण मुळात सडपातळ असल्याने महिन्याला किलोभर वजन वाढले तरी रेखीवपणा जाणार नाही. पोटरीची ठेवण मात्र बरीचशी आनुवंशिक असते.