घड्याळातली शिल्लक खायची का?

वाचकांचे प्रश्न, आहारतज्ज्ञाची उत्तरं

प्रश्न : ताई, माझं वय ३८, उंची १६० सेंटिमीटर, वजन ७४ किलो. काम दिवसभर बसून. वजन कमी करायचं म्हणून फोनवर कॅलरी मोजायचं ॲप घेतलं. त्यात मी ‘मध्यम हालचाल’ हा पर्याय निवडला. ॲपने रोज १६५० कॅलरी खा म्हणून सांगितलं, आठवड्याला अर्धा किलो उतरेल म्हणालं. आठवड्यातले सहा दिवस मी तासभर चालते. हातातलं घड्याळ म्हणतं ३९० कॅलरी जळल्या, आणि ॲप त्या माझ्या कोट्यात वाढवून देतं. सहा आठवडे मी त्या सगळ्या खाल्ल्या. वजन पाऊण किलो वाढलं! मग चिडून १२०० वर आले, चालणं तसंच ठेवलं. आता दुपारनंतर डोकं दुखतं, घरच्यांवर ओरडते, आणि सुट्टीच्या दिवशी खाण्यावर ताबा राहत नाही. मैत्रीण म्हणते, जाळलेलं परत खायलाच हवं, नाहीतर शरीर चरबी धरून बसतं. भाऊ म्हणतो, परत खायचं असेल तर चालतेस कशाला? खरं कुणाचं? सोबत वहीची पानं पाठवते आहे.

उत्तर : तुमची पानं मी दोनदा वाचली. चालण्याच्या प्रत्येक दिवशी रात्री साडेनऊच्या सुमारास एकच नोंद आहे, ‘शिल्लक ३९०’, आणि त्या आकड्याला पेनाने गोल केलेला आहे. गोलाखाली त्या रात्री जास्तीचं काय खाल्लं ते. दोन-तीन ठिकाणी तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंय, ‘भूक नव्हती, पण उरल्या होत्या म्हणून.’ सगळा घोळ त्या गोलात आहे, आणि तो तुम्ही केलेला नाही.

आधी ॲपने काय केलं ते बघू. बहुतेक ॲप १९९० साली प्रसिद्ध झालेलं मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र वापरतात. बाईसाठी ते असं : वजनाची दहापट, अधिक उंचीची सव्वासहापट, वजा वयाची पाचपट, वजा १६१. तुमचे आकडे घातले की १३८९ येतात. नुसतं पडून राहिलात तरी शरीराला दिवसाला साधारण इतकं लागतं. त्याला हालचालीच्या आकड्याने गुणायचं. बैठं काम असेल तर १.२ ने, ‘मध्यम हालचाल’ म्हटलं तर १.५५ ने. तुम्ही दुसरा पर्याय निवडलात, साहजिकच, रोज तासभर चालणारी बाई स्वतःला बैठी कशी म्हणेल? उत्तर आलं २१५३. त्यातून ५०० वजा करून ॲपने तुम्हाला १६५० दिले.

म्हणजे तुमचं चालणं त्या १६५० मध्ये आधीच धरलेलं होतं, आणि जरा सढळ हातानेच धरलेलं होतं. त्यावर रोज संध्याकाळी घड्याळाने तेच चालणं पुन्हा जमा केलं. एकच पगार दोनदा खात्यात दाखवला तर माणूस खर्च करणारच.

आता त्या ३९० बद्दल. साध्या वेगाने, ताशी पाच किलोमीटरच्या आसपास चालताना शरीर स्वस्थ बसलेल्या अवस्थेच्या साडेतीनपट ऊर्जा वापरतं. बसलेल्या अवस्थेत दर किलो वजनामागे तासाला साधारण एक कॅलरी लागते. ७४ किलो गुणिले साडेतीन, म्हणजे तासाला २५९. घड्याळाच्या ३९० पासून हे बरंच लांब आहे. आणि हे २५९ सुद्धा सगळे चालण्याचे नव्हेत. तो तास तुम्ही खुर्चीत घालवला असतात तरी ७४ कॅलरी जळल्याच असत्या, आणि त्या दिवसाच्या हिशेबात आधीच मोजलेल्या आहेत. चालण्याची खरी भर १८५ ची. निम्म्याहूनही कमी.

घड्याळ खोटारडं आहे असं मी म्हणत नाही. नाडी ते बरं मोजतं. पण नाडीवरून कॅलरी काढणं हा अंदाज असतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये मनगटावरची सात उपकरणं ६० जणांच्या हातावर बांधून तपासली. सातांपैकी सहांचे नाडीचे आकडे पाच टक्क्यांच्या आत बरोबर होते. कॅलरीत मात्र सगळ्यांत बरं निघालेलं उपकरणसुद्धा सरासरी २७ टक्के चुकत होतं, आणि सगळ्यांत वाईट ९३ टक्के. हे वाचल्यावर मी स्वतः दोन मनगटांवर दोन वेगळ्या कंपन्यांची घड्याळं बांधून पाऊण तास चालून आले. पाय तेच, रस्ता तोच, घामही तोच. डाव्या हातावर २१२, उजव्या हातावर ३४१. त्या दिवसापासून माझ्याकडे येणाऱ्या कुणालाही मी घड्याळातला आकडा जसाच्या तसा खायला सांगितलेला नाही.

तुमचा खरा खर्च मांडू. बैठ्या दिवसाचे १६६७, त्यात चालण्याचे १८५, एकूण १८५० च्या आसपास. तुम्ही खात होतात १६५० अधिक ३९०, म्हणजे २०४०. चालण्याच्या प्रत्येक दिवशी १९० च्या जवळपास जास्त. सहा आठवड्यांत असे ३६ दिवस, म्हणजे पावणेसात हजार कॅलरी. एक किलो चरबीत ढोबळमानाने ७७०० असतात. तुमचं वाढलेलं पाऊण किलो कुठून आलं ते दिसलं? दर वेळी हिशेब इतका जवळ येत नाही, कारण शरीरातलं पाणीच एखाद्या दिवशी किलोभर वर-खाली होतं. पण तुम्ही सहा आठवडे नेटाने चाललात, प्रामाणिकपणे लिहिलंत, आणि सांगितलेलंच खाल्लंत. तरी वजन वाढलं याचा दोष स्वतःला देऊ नका.

मैत्रीण अर्धी बरोबर आहे. कमी खाल्लं की शरीर खर्च आवरतं हे खरं, पण चरबी अडवून धरत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटात संशोधक ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवून अभ्यास केला. त्यांचं वजन जवळजवळ पाव हिश्शाने उतरलं. पण ते चिडचिडे झाले, सतत गारठलेले, दिवसरात्र खाण्याचाच विचार करणारे, आणि नंतर पोटभर मिळू लागल्यावर कितीतरी जणांना थांबता येईना. १२०० खाऊन तासभर चालताना तुमचं जे होतंय ते त्याच जातीचं आहे, सौम्य प्रमाणात. सुट्टीच्या दिवशी ताबा सुटतो तो तुमचा स्वभाव म्हणून नव्हे. आठवडाभराची भूक त्या दिवशी वसुली करते.

भावाला सांगा, चालणं फक्त जाळण्यासाठी नसतं. रक्तदाब, साखर, झोप, पायांतली ताकद, आणि उतरलेलं वजन पुढे टिकवणं, यासाठी चालणं हवंच. उलट जाळण्याच्या कामी व्यायाम आपल्याला वाटतो त्याहून कमी येतो. २०२१ मध्ये १७५४ प्रौढांच्या मोजमापांवरून असं दिसलं की हालचालीत जादा जाळलेल्या ऊर्जेतला सरासरी २८ टक्के भाग शरीर दुसरीकडे काटकसर करून वाचवतं. ही मोजमापं घड्याळाची नव्हती. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे जड अणू असलेलं पाणी पाजून केलेली होती, आणि रोजच्या जगण्यातला खर्च मोजायची याहून चांगली रीत आपल्याकडे नाही. म्हणजे तुमच्या १८५ मधलेही थोडे शरीर परत घेतंच.

आता काय करायचं ते सांगते. ॲपमधली घड्याळाची जोडणी बंद करा. रोजचा एकच आकडा ठेवा, १४५०. चाललात तरी तोच, नाही चाललात तरी तोच. यात तुमचं चालणं एकदा धरलेलं आहे, म्हणून वेगळं परत खायचं नाही. आठवड्याला तीनशे ते साडेतीनशे ग्रॅम उतरावं. अर्ध्या किलोची घाई सोडा, त्या घाईनेच तुम्हाला १२०० वर नेलं. रोज ९० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं पोटात जातील असं बघा, म्हणजे भूक आटोक्यात राहील आणि स्नायू कमी झिजतील (मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा आधी डॉक्टरांना विचारा). एखाद्या दिवशी तीन-चार तास डोंगर चढलात, दिवसभर पोहलात, तर त्या दिवशी जरूर जास्त खा. घड्याळ सांगेल त्याच्या निम्मं, आणि रात्री साडेनऊला नव्हे, दमणूक होते त्याच्या आसपास.

ज्यांना दुसरी पद्धत बरी वाटते त्यांनी ॲपमध्ये ‘बैठं काम’ निवडावं आणि व्यायामाच्या आकड्यातला निम्मा भाग परत खावा. दोन्हीपैकी कोणतीही चालेल, दोन्ही एकदम नको. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी औषधं घेणाऱ्यांनी मात्र यातलं काहीही डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करू नये, व्यायामानंतर साखर धोक्याच्या खाली जाऊ शकते.

आणखी एक, तेल ओतू नका, चमच्याने मोजून घ्या. मोठा चमचाभर तेल म्हणजे १२० कॅलरी. दोन चमचे नजरेने जास्त पडले की तुमचं अख्खं चालणं त्यात गेलं.

वजन रोज सकाळी करा, पण बघायचं ते आठवड्याच्या सरासरीकडे. चार आठवड्यांत सरासरी हललीच नाही तर शंभर कॅलरी कमी करा. डोकं दुखायचं थांबलं नाही तर शंभर वाढवा आणि रक्त तपासून घ्या. वहीत गोल करायचाच असेल तर त्या सरासरीला करा.

प्रश्न : मी २९ वर्षांची. वजन ५८ किलो, शरीरातली चरबी २४ टक्के. पहिल्या अर्ध्या मॅरेथॉनची तयारी चालू आहे, आठवड्याला ४५ किलोमीटर पळते. चार किलो कमी झाले तर वेळ सुधारेल असं वाटतं. रोज १३५० कॅलरी घेते, पळण्याच्या कॅलरी अजिबात परत खात नाही. वजन छान उतरतंय. तीन महिने पाळी आली नाही, पण पळणाऱ्यांचं असं होतंच असं ऐकलं. तरी विचारते, परत खायला हव्यात का?

उत्तर : हो. आजपासून.

वरच्या पत्राचं उत्तर तुम्हाला लागू नाही, म्हणून ही दोन पत्रं मुद्दाम शेजारी ठेवली आहेत. पळण्याला दर किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी लागते. ५८ गुणिले ४५, म्हणजे आठवड्याला २६१०, रोजच्या ३७३. तुम्ही खाता त्यातून पळणं वजा केलं की उरतात ९७७. त्यात हृदय, मेंदू, हाडं, हार्मोन्स, सगळ्यांनी भागवायचं. चरबी सोडून तुमचं शरीर ४४ किलोचं आहे. म्हणजे दर किलोला २२ कॅलरी. खेळाडूंच्या आहारशास्त्रात ४५ च्या आसपास पुरेसं मानतात आणि ३० च्या खाली धोका. ही रेषा काटेकोर नाही, कुणाचं ३२ वरही बिनसतं. तुम्ही मात्र तिच्या बऱ्याच खाली आहात, आणि तुमच्या शरीराने पाळी थांबवून ते कळवलेलं आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये खेळाच्या मानाने खाणं कमी पडण्याच्या या अवस्थेला वेगळं नाव देऊन इशारा दिला, आणि पुरुष खेळाडूंनाही ती होते असं स्पष्ट सांगितलं.

मी एकतिसाव्या वर्षी हेच केलं. आहारतज्ज्ञ असून केलं. एकवीस किलोमीटरची तयारी करताना पळण्यातली एकही कॅलरी परत खायची नाही असं ठरवलं, चार महिन्यांत पाच किलो उतरले. पाळी थांबली तेव्हा माझ्या प्रशिक्षकाने ती चांगल्या तयारीची खूण असल्याचं सांगितलं, आणि मला ते ऐकायला आवडलं. मग उजव्या नडगीत, आतल्या बाजूला, बोटाच्या पेराएवढ्या जागेत दुखायला लागलं. दाबलं की कळ. आधी पळताना, मग जिना उतरताना, मग रात्री पांघरुणाचा भारही सोसेना. हाडाला बारीक चीर गेली होती. सहा आठवडे पळणं बंद. शर्यतीच्या दिवशी मी घरी होते. पाळी परत यायला आणखी पाच महिने लागले, तेही खाणं वाढवल्यावर.

तुम्ही या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. गर्भधारणा नाही ना, थायरॉइड आणि बाकीचे हार्मोन्स ठीक आहेत ना, हे त्या बघतील, कारण पाळी थांबण्याची कारणं एकाहून जास्त असतात. कुठेही हाड दुखत असेल तर तेही सांगा. तोवर खाणं दर तीन-चार दिवसांनी दोनशेने वाढवत २३०० च्या पुढे न्या. लांब पळण्याच्या दिवशी त्याहून जास्त, आणि पळून आल्यावर तासाभरात काहीतरी पोटात गेलंच पाहिजे. पहिल्या आठवड्यात काटा किलो-दीड किलो वर जाईल. स्नायूंमधला साखरेचा साठा भरताना सोबत पाणी धरतो, त्याचं ते वजन असतं. घाबरून परत मागे येऊ नका.

चार किलोंचा विषय शर्यत होईपर्यंत बंद. डॉक्टर काय म्हणाल्या ते मला लिहा, आणि पाळी आली की तेही.