वाचक विचारतात: हिवाळ्यानंतर ट्रेलरमधलं पाणी पुन्हा सुरू करताना

प्रश्न: निवृत्त झाल्यावर जुना २४ फुटी कँपिंग ट्रेलर घेतला. आधीच्या मालकाने हिवाळ्यासाठी पाइपांत गुलाबी द्रव भरून दिला होता. मे महिन्यात शेनॅन्डोआला जायचा बेत आहे. टाकी भरून नळ सोडले की पाणी वापरायला तयार झालं का?
— एक वाचक, लँकेस्टर, पेनसिल्व्हेनिया

उत्तर: नाही. गुलाबी द्रव काढणं, गळती शोधणं, टाकी निर्जंतुक करणं आणि मग गीझर सुरू करणं, अशी चार कामं याच क्रमाने करा. रात्री पारा ३२ फॅरनहाइटखाली जायचा थांबल्याशिवाय पाणी भरू नका. तुमच्याकडे मेच्या सुरुवातीलाही एखादी रात्र दगा देते.

पाइप गोठून फुटू नयेत म्हणून भरलेला हा गुलाबी द्रव म्हणजे बहुधा प्रॉपिलीन ग्लायकॉल. ते रेडिएटरमधल्या कूलंटसारखं विषारी नाही, पण चव रेंगाळते. आधी फिल्टरचं काडतूस काढून ठेवा. गीझरच्या मागचा व्हॉल्व्ह बायपासवरच असू द्या, म्हणजे हा द्रव गीझरच्या टाकीत जाणार नाही. टाकीत १०-१५ गॅलन पाणी घ्या, पंप लावा आणि एकेक नळ गरम व थंड दोन्ही बाजूंनी पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडा. टॉयलेट आणि बाहेरच्या भिंतीवरचा शॉवरही यात आला. हा बाहेरचा शॉवर हमखास विसरला जातो. त्यात अडकलेलं पाणी गोठून प्लास्टिकला तडा गेलेला असतो.

आता सगळे नळ बंद करून पंप चालू ठेवा आणि कान द्या. काही सेकंदांत तो गप्प व्हायला हवा. नळ बंद असताना दर थोड्या वेळाने क्षणभर घरघरला, तर दाब कुठेतरी सुटतोय. टॉयलेटच्या मागचा व्हॉल्व्ह, बाहेरचा शॉवर आणि पंपाच्या तोंडावरची पारदर्शक जाळीची वाटी आधी बघा. प्रत्येक जोडाखाली कोरडा पेपर टॉवेल ठेवा. डोळ्याला न दिसणारा थेंबही त्यावर उमटतो. ट्रेलरची आतली जमीन भिजून फुगल्यावर गळती शोधण्यापेक्षा हा अर्धा तास फार स्वस्त पडतो.

गळती नसेल तर टाकी निर्जंतुक करण्याआधी गीझरचा प्लग तपासा. त्यात दाब वा गरम पाणी नाही, याची खात्री करून बाहेरून प्लग काढा. सबर्बन कंपनीच्या गीझरची टाकी पोलादी असते आणि प्लगलाच एक कांडी जोडलेली असते. गंज टाकीऐवजी या कांडीला खातो. त्यासाठी १ १/१६ इंची सॉकेट लागतो. कांडी तीन चतुर्थांश झिजली असेल, तर नवी घाला आणि आट्यांवर टेफ्लॉन टेपचे दोन-तीन वेढे द्या. अ‍ॅटवुडची टाकी अ‍ॅल्युमिनियमची असते. तिला नुसता प्लास्टिकचा प्लग असतो, त्यात कांडी घालू नका.

प्लग लावून व्हॉल्व्ह बायपासवरून काढा, म्हणजे पाणी गीझरमध्येही जाईल. आता पाण्याची टाकी निर्जंतुक करा. दर १५ गॅलनला ६० मिली साधं, बिनवासाचं ब्लीच घ्यायचं, म्हणजे ४० गॅलनच्या टाकीला १६० मिली. ते आधी बादलीभर पाण्यात मिसळा, मगच टाकीत ओता आणि टाकी भरा. प्रत्येक नळातून क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी काढा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी सगळं रिकामं करून वास जाईपर्यंत धुवा. बहुधा दोनदा टाकी भरावी लागते. हे पाणी झाडांना घालू नका.

गीझर सुरू करण्याआधी गरम नळातून अखंड, बिनहवेची धार यायलाच हवी. गीझरची टाकी कोरडी असताना विजेचं बटण दाबलं, तर आतलं कॉइल काही मिनिटांत जळतं. वसंतातली सगळ्यात नेहमीची महागडी चूक हीच. कँपग्राउंडच्या नळाला लावायला ४०-५० पीएसआयचा प्रेशर रेग्युलेटर मात्र विकत घ्याच.

प्रश्न: ट्रेलरच्या टायरची नक्षी नव्यासारखी आहे, तरी बदलायचे का? बॅटरी १२.१ व्होल्ट दाखवते.
— एक वाचक, कोलंबस, ओहायो

उत्तर: ट्रेलरचे टायर झिजून कमी आणि वयाने जास्त जातात. बाजूवर डॉट या अक्षरांनंतरच्या क्रमांकातले शेवटचे चार अंक वाचा. ३५१७ असेल तर तो २०१७ सालच्या ३५व्या आठवड्यातला. सहा वर्षं उलटली असतील, तर नक्षीकडे बघून मोह धरू नका. हवा टायर थंड असताना, ट्रेलरवरच्या स्टिकरप्रमाणे भरा. चाक काढलं असेल, तर ५० मैलांनंतर नट पुन्हा टॉर्क पान्याने आवळा. १२.१ व्होल्ट म्हणजे साध्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीत जेमतेम निम्मा चार्ज. पूर्ण भरल्यावर, काही तास विश्रांती दिल्यावर १२.६ ते १२.७ दिसायला हवेत. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंगनंतर घाला. प्लेटा उघड्या पडल्या असतील, तर आधी त्या बुडतील इतकंच.

प्रश्न: घराच्या बाजूला ट्रेलरसाठी १२ बाय ३५ फुटांची खडीची जागा करायची आहे. खडी किती लागेल?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर: सहा इंच जाडीला २१० घनफूट, म्हणजे सुमारे पावणेआठ घनयार्ड. ठोकल्यावर खडी बसते, म्हणून नऊ-साडेनऊ मागवा. वजन १३-१४ टनांच्या आसपास भरेल. गोल गोटे घेऊ नका, चाकाखाली ते सरकतात. भुकटीसकट फोडलेली खडी घ्या. तुमच्याकडे तिला क्यूपी म्हणतात. माती काढून खाली जिओटेक्स्टाइल कापड अंथरा, नाहीतर दोन पावसाळी मोसमांत खडी चिखलात उतरते. दोन-तीन इंचांचे थर टाकत प्रत्येक थर प्लेट कॉम्पॅक्टरने ठोका आणि उतार घरापासून दूर काढा. खणण्याआधी किमान तीन कामकाजाचे दिवस ८११ या नंबरावर फोन करा. गॅस-विजेच्या भूमिगत लाइनी फुकट आखून मिळतात. टाउनशिप आणि सोसायटीचे नियम त्याहूनही आधी विचारा.

प्रश्न: ट्रेलरच्या चाकामागे वाळलेल्या चिखलासारखे राखाडी चट्टे दिसतात. आणि फ्लोरिडाच्या मुलीकडून कढीपत्त्याचं रोप आणलं तर चालेल का?
— एक वाचक, बक्स काउंटी, पेनसिल्व्हेनिया

उत्तर: ती स्पॉटेड लँटर्नफ्लायची अंडी असण्याची शक्यता मोठी. हा किडा अमेरिकेत प्रथम २०१४ मध्ये तुमच्याच राज्यातल्या बर्क्स काउंटीत सापडला. एका चट्ट्यात ३०-५० अंडी असतात आणि एप्रिलअखेरीपासून ती फुटू लागतात, तेव्हा आत्ताच बघा. जुन्या क्रेडिट कार्डाने खरवडून रबिंग अल्कोहोलच्या पिशवीत टाका. जमिनीवर पाडलेली अंडी जगू शकतात. ट्रेलरचा खालचा सांगाडा आणि बाहेर ठेवलेल्या खुर्च्याही उलट्या करून पाहा.

रोप आणू नका. संत्र्या-लिंबांचा रोग पसरवणारी सायला कीड कढीपत्त्यावरही पोसते, म्हणून फ्लोरिडातून ही रोपं नेण्यावर क्वारंटाइनचे निर्बंध आहेत. जळाऊ लाकूडही घरून नेऊ नका, मुक्कामाच्या जवळच घ्या. आणि घरचा कढीपत्ता रात्रीचं तापमान सातत्याने ५० फॅरनहाइटच्या वर राहू लागल्यावरच बाहेर काढा. पहिला आठवडा सावलीत, एकदम उन्हात नेलात तर पानं करपतात.