वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे : मागच्या बाकावरचे ‘आमेन’

प्रश्न : ख्रिस्तात सप्रेम सलाम. मी सोलापुरातील एका जुन्या मंडळीत कमिटीचा सचिव आहे. आमची उपासना पिढ्यान्‌पिढ्या मराठीत चालत आली आहे. गेल्या दोन वर्षांत पूर्व भागातील चार तेलुगू कुटुंबे आमच्यात येऊ लागली. पुरुष यंत्रमागावर आहेत, बायका विड्या वळतात. मुले मराठी शाळेत शिकलेली असल्याने त्यांचे निभते, पण आजी-आजोबांना उपदेश जेमतेम कळतो. महिन्यातून एकदा एक गीत तेलुगूत म्हणू द्यावे, एवढीच त्यांची विनंती होती. कमिटीत एका ज्येष्ठ बंधूंनी ‘सर्व काही शिस्तवार व व्यवस्थितपणे होऊ द्या’ हे बायबलमधील प्रेषित पौलाचे वचन वाचून दाखवले आणि विषय तिथेच संपला. रात्रपाळी करून उशिरा येणाऱ्यांमुळे व्यत्यय येतो, म्हणून पहिल्या गीतानंतर दार लावून घ्यावे, असेही ठरले. इतिवृत्त मीच लिहिले, सहीही केली. पण मनाला स्वस्थता नाही. उपासनेशी प्रामाणिक राहायचे तर असेच करावे लागते का?

उत्तर : आपल्या ज्येष्ठ बंधूंनी वाचलेले वचन खरे आहे, आणि ते त्यांनी चुकीच्या हेतूने वाचले असे मी मुळीच म्हणणार नाही. उपासना म्हणजे ज्याला जे सुचेल ते करण्याची जागा नव्हे, हे त्यांचे म्हणणे मलाही मान्य आहे. मात्र करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 14व्या अध्यायातले ते 40वे, म्हणजे अगदी शेवटचे वचन आहे. आधीची 39 वचने वाचल्याशिवाय ‘शिस्त’ हा शब्द पौल कशासाठी वापरतो ते ध्यानात येत नाही. त्याच अध्यायाच्या 16व्या वचनात तो विचारतो की, जो साधा माणूस तिथे बसला आहे त्याला तुमचे बोलणे समजलेच नाही, तर तुमच्या उपकारस्तुतीला तो ‘आमेन’ कसे म्हणणार? पौलाच्या शिस्तीचे माप व्यासपीठावर घेतलेले नाही, ते त्या मागे बसलेल्या माणसाच्या ‘आमेन’वर घेतलेले आहे.

हे वचन दोन्ही बाजूंनी कापते, हेही सांगितले पाहिजे. अर्थ सांगणारा कोणी नसेल तर अन्य भाषेत बोलणाऱ्याने मंडळीत गप्प राहावे, असे पौल 28व्या वचनात म्हणतो. पौलाचा रोख आत्म्याच्या प्रेरणेने बोलल्या जाणाऱ्या भाषांवर आहे हे खरे, पण कळण्याचा मुद्दा कोणत्याही भाषेला लागू पडतो. त्यामुळे तेलुगू गीत नुसते म्हणून टाकले आणि मराठी माणसे पाच मिनिटे छताकडे बघत बसली, तर ज्येष्ठ बंधूंची तक्रार रास्तच ठरेल. पण मग वर्षाचे बावन्न रविवार ज्या आजींपुढे मराठीचा अर्थ सांगणारा कोणी उभा राहिला नाही, त्यांच्या बाबतीत हाच नियम आपण कधी लावला?

काही वर्षांपूर्वी सोलापुरात एका उपासनेला माझ्या पुढच्याच बाकावर अशा एक तेलुगू आजी बसल्या होत्या. फळ्यावर गीताचा क्रमांक लागला की त्या चटकन पुस्तकातले नेमके पान काढत, कारण मराठी आकडे त्यांना बाजारातल्या पाट्यांवरून येत असावेत. पान उघडून त्या बोट पहिल्या ओळीवर ठेवत आणि गीत संपेपर्यंत ते बोट तिथून हलत नसे. शेवटी ‘आमेन’ मात्र सगळ्यांत मोठ्याने त्यांचेच असे. तो शब्द दोन्ही भाषांत सारखाच होता.

भाषेचे हे दुखणे मंडळीइतकेच जुने आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 6व्या अध्यायात पहिल्या मंडळीतली पहिली कुरबुर नोंदलेली आहे, आणि ती ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटणीत डावलले जात असल्याची आहे. प्रेषितांनी ती तक्रार करणाऱ्यांना ‘आधी आमची भाषा शिका’ असे ऐकवले नाही. त्यांनी मंडळीला सात माणसे निवडायला सांगितली, आणि स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना व नीकलाव ही सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांच्या ताटात कमी पडत होते, वाढण्याचा डाव त्यांच्याच माणसांच्या हाती गेला. आपल्या कमिटीत आज एखादे तेलुगू नाव आहे का, हा प्रश्न मी गीताच्याही आधी विचारीन.

आता करायचे काय, ते सांगतो. ते गीत ‘विशेष कार्यक्रम’ म्हणून नाताळात एकदा सादर करू नये, कारण त्यात पाहुण्याचे कौतुक होते आणि तो पाहुणाच राहतो. ते नेहमीच्या क्रमात, नेहमीच्या गीताच्या जागी यावे, आणि त्याआधी त्याचा मराठी अर्थ कोणीतरी सावकाश वाचावा. माझी सूचना अशी की, तो अर्थ वाचण्याची विनंती त्या ज्येष्ठ बंधूंनाच करावी. ठरावात त्यांना हरवून काही साधणार नाही, आणि उच्चारशुद्धीची काळजी त्यांच्याइतकी कोणी घेईल असे वाटत नाही. प्रभूची प्रार्थना तर त्याच रविवारी ज्याने त्याने आपापल्या भाषेत म्हणायला हरकत नाही. ‘परलोकमंदुन्न मा तंड्री’ अशी ती तेलुगूत सुरू होते, आणि पुढे ‘नाममु’, ‘परिशुद्ध’ असे शब्द येतात. मराठी कानाला त्यात परके वाटावे असे फार थोडे आहे.

राहता राहिली आपली ‘जुनी रीत’. तीही कोणे एके काळी नवी होती. अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासून आपण कितीतरी गीते परदेशी चालींवर म्हणत आलो, आणि नारायण वामन टिळकांनी अभंगांच्या व भजनांच्या वळणाची गीते दिली तेव्हा मराठी माणसाला चर्चमध्ये आपलाच सूर सापडला. आज तीच गीते आपण परंपरा म्हणून जपतो. जे खरोखर हलवू नये ते वेगळे आहे : वचनाचे वाचन, पापांगीकार, उपदेश, प्रभूचे मेज (येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षरस घेण्याचा विधी, म्हणजेच प्रभुभोजन). लोक कंटाळतात म्हणून शास्त्रपाठ गाळा, असे उद्या कोणी म्हणाले तर मी आपल्या ज्येष्ठ बंधूंच्या शेजारी उभा राहीन.

दाराच्या ठरावाबद्दल मात्र मला स्पष्ट बोलले पाहिजे. करिंथची मंडळी प्रभुभोजनासाठी जमत असे तेव्हा सुखवस्तू लोक आधी येऊन जेवून घेत आणि गरिबांच्या वाट्याला काही उरत नसे. ते मागाहून येणारे बहुधा दास व मजूर असावेत, कारण त्यांचा वेळ त्यांच्या हातात नव्हता. पौलाने त्यावर घातलेला नियम 11व्या अध्यायाच्या 33व्या वचनात आहे : एकमेकांची वाट पाहा. उशिरा येण्याला त्याने तिथे दोष दिलेला नाही, दोष दिला आहे तो न थांबणाऱ्यांना. रात्रभर मागाच्या खडखडाटात उभा राहिलेला माणूस घरी जाऊन झोपायचे सोडून आपल्याकडे येतो आणि त्याला कडी लावलेली दिसते, हे पौलाला कसे दिसले असते, याचा कमिटीने विचार करावा. व्यत्ययावर साधे उपाय आहेत. शेवटचे दोन बाक मोकळे ठेवावेत, दाराशी एक सेवक असावा, आणि प्रार्थना चालू असताना आलेल्याने ती संपेपर्यंत उंबऱ्याशी थांबून पुढच्या गीतात आत यावे. तो ठराव पुढच्या सभेत फेरविचारासाठी ठेवण्याचा अधिकार सचिव म्हणून आपल्याला आहे. आपण तो वापरावा.

प्रश्न : आमच्या चर्चला सात पायऱ्या आहेत. माझे वडील चाकाच्या खुर्चीवर असतात. चौघे जण उचलून नेतात, पण वडिलांना संकोच वाटतो आणि आता ते येत नाहीत. उतरण बांधली तर दर्शनी भागाची शोभा जाईल, असे काहींना वाटते.

उत्तर : मार्काच्या 2ऱ्या अध्यायातल्या पक्षाघाती माणसासाठी चौघांनी दुसऱ्याचे छप्पर उसकटले होते. आपल्याला फक्त उतरण हवी आहे. ती बाजूच्या दाराशी बसत असेल तर उत्तमच, पण ते दार उपासनेच्या वेळी उघडे असले पाहिजे, किल्ली शोधत फिरायला लागू नये.

प्रश्न : माझी सून हिंदू घरातली आहे. लग्नाला तीन वर्षे झाली, दर रविवारी ती माझ्याबरोबर येते, गीतेही पाठ झाली आहेत. बाप्तिस्म्याबद्दल ती अजून विचार करते आहे आणि आम्ही घाई केलेली नाही. प्रभुभोजनाच्या वेळी तिच्यावरून तबक पुढे नेतात. मागच्या महिन्यात एका बाईंनी ‘तू तेवढा वेळ बाहेर थांबलीस तर बरे’ असे तिला सांगितले. घरी आल्यावर ती काही बोलली नाही, पण मला फार लागले.

उत्तर : ताई, यात दोन गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या ठेवू या. आपल्या बहुतेक मंडळ्यांत भाकर व द्राक्षरस बाप्तिस्मा झालेल्यांनाच देतात, आणि ही रीत मंडळीच्या अगदी आरंभकाळापासूनची आहे. ती मोडावी असे मी सुचवत नाही. आपल्या सुनेनेही तसे मागितलेले दिसत नाही. परंतु मेजावर काय द्यायचे याचा नियम हा दालनात कोणी बसायचे याचा नियम नव्हे. त्या बाईंनी पहिल्यावरून दुसरा काढला, आणि तो अधिकार त्यांना कोणी दिलेला नाही.

टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला, आणि आयुष्याच्या अखेरीस, 1917 साली, त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांसाठी. त्या प्रयोगाबद्दल मते निरनिराळी असू शकतात. तरीही विचार करत असलेल्या माणसाला बसायला जागा हवी, हे मराठी ख्रिस्ती माणसाला शंभर वर्षांपूर्वी कळले होते, एवढे तरी आपण लक्षात ठेवावे.

आपण पाळकसाहेबांना रविवारी घाईगर्दीत न गाठता आठवड्यात एकदा निवांत भेटा. मेजाजवळ येणाऱ्या पण भाकर न घेणाऱ्यांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे, ती आपल्याकडे सुरू करता येईल का ते विचारा. आपल्याकडे तबक बाकावरून फिरत असल्याने, ते सुनेपर्यंत आले की तिच्यावरून परस्पर पलीकडे न देता तिच्या हातात द्यावे आणि तिने ते पुढच्याला द्यावे. त्या बाईंशी मात्र सुनेला बोलायला लावू नका. त्या आपल्या वयाच्या असतील, तर ते बोलणे आपणच करावे, आणि ते सुनेच्या माघारी करावे.