ब्रुन्सब्युटेलचं लॉक एकट्याने: पुढच्या दोराला हात लावू नका

तुमचा प्रश्न वाचला आणि डाव्या बरगडीत कळ आली. चेष्टा नाही. हॅम्बुर्गला नोकरी, 24 फुटी जुनी शिडाची होडी, बरोबर यायला कुणी नाही, एल्बे नदीतून कील कालव्याने बाल्टिक समुद्राला जायचं, आणि काळजी एकच: कालव्याच्या तोंडाशी, ब्रुन्सब्युटेलच्या लॉकमध्ये (पाण्याची पातळी वर-खाली करणाऱ्या, दोन्हीकडे दरवाजे असलेल्या हौदात) एकटा माणूस होडी बांधायचे दोन दोर कसे सांभाळणार? निवृत्त होऊन बडोद्याला परतण्याआधी मी अगदी हेच विचारत फिरत होतो. तुम्ही रावपुऱ्याचे, मी दांडिया बाजारचा. म्हणजे लहानपणी आपल्या दोघांचाही समुद्र सुरसागर तलावच.

लायसन्स, रेडिओचा परवाना, भरती-ओहोटीचं कोष्टक यावर लिहीत नाही. ते नसेल तर निघूच नका.

आता माझा गाढवपणा. तिथल्या लॉकमध्ये छोट्या होड्यांसाठी भिंतीलगत लाकडी तरंगते फलाट असतात. ते पाण्याच्या जेमतेम वर, आणि शेवाळाने असे बुळबुळीत की मोरीतली फरशी बरी. मी फेंडर (होडी घासू नये म्हणून कुशीला टांगायच्या उशा) नेहमीच्या बंदरासारखे उंच बांधलेले. फलाटाला लागल्याबरोबर ते सगळे वर चढून बसले आणि होडीची कूस सरळ लाकडावर घासली. तो आवाज अजून कानात आहे. घाबरून मी नाकाडाकडे धावलो, पुढचा दोर घेतला आणि उडी मारली. पाय सटकला, फलाटाच्या कडेवर बरगडीवर पडलो. दोर मात्र सोडला नाही, आणि तिथेच घोळ झाला. नाक माझ्याकडे ओढलं गेलं, मागची बाजू मोकळी. पुढे उभ्या मालवाहू जहाजाचा पंखा अजून फिरत होता. त्या पाण्याने होडी लॉकमध्ये आडवी झाली. मागच्या होडीतल्या एका डॅनिश आजोबांनी बोटहुकने तिला ओढून आणलं. एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

म्हणून माझं ठाम मत: एकट्याने जाताना पुढचा दोर विसरा. होडीच्या मधोमध क्लीट (दोर अडकवायचा खुंटा) असतो, त्याचा एकच दोर आधी लावायचा. तो कठड्याच्या बाहेरून घेऊन सुकाणूपाशी हाताशी ठेवा. फेंडर पाण्याला टेकतील इतके खाली, दोन्ही बाजूंना, कारण कुठल्या बाजूला लागायचं ते कधीकधी आयत्या वेळी कळतं. फलाटावरच्या कडीतून, तुमच्या क्लीटच्या थोडं मागे, दोर ओवून परत होडीवर घ्या आणि आखूड करा. मग इंजिन अगदी हळू पुढे, आणि टिलर (सुकाणूचा दांडा) फलाटाकडे ढकललेला. होडी आपणहून फलाटाला चिकटून राहते. पुढचा-मागचा दोर मग सावकाश. जिथे फलाट तरंगता नाही अशा लॉकमध्ये दोर पक्का बांधू मात्र नका. वेढा घालून टोक हातात ठेवा, नाहीतर पाणी उतरताना होडी दोराला लटकते.

आत जायला पांढऱ्या लुकलुकत्या दिव्याची वाट पाहायची. तो लागेपर्यंत बाहेर एल्बेचा प्रवाह ढकलत राहतो, तेव्हा घिरट्या घालायला जागा ठेवून थांबा.

जहाजांच्या वाटेबद्दल थोडक्यात. हॅम्बुर्गकडून उतरताना वाट दाखवणाऱ्या लाल तरंगत्या बोयांच्या बाहेरच्या कडेने, उजव्या काठाने या; ब्रुन्सब्युटेल त्याच काठावर आहे, वाट ओलांडावी लागत नाही. पाणी किती खोल ते नकाशावर बघून. ओहोटी धरूनच निघा. उशीर झाला तर वाटेतल्या ग्ल्युकश्टाट बंदरात थांबा, लाज वाटून घेऊ नका. ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात. 'शिडाच्या होडीला आधी वाट' हे तिथे डोक्यातून काढा. अरुंद वाटेत 20 मीटरपेक्षा लहान होडीने मोठ्या जहाजाला अडवायचं नाही, हा नियम 9. पाच आखूड भोंगे ऐकू आले तर ते बहुधा तुमच्यासाठीच असतात.

कालवा साधारण 98 किलोमीटर. 5 नॉटने अकरा तास, छोट्या होड्यांना फक्त दिवसा परवानगी, नुसत्या शिडांवर चालत नाही. एकट्याने एका दिवसात करू नका, रेंड्सबुर्गला मुक्काम करा. तिथल्या 1913 सालच्या पुलावरून रेल्वे जाते आणि त्याच पुलाला टांगलेली फेरी खालून गाड्या-माणसं पलीकडे नेते, बघाच. मोठं जहाज शेजारून जाताना आधी पाणी त्याच्याकडे ओढलं जातं, मग मागची लाट येते. तेव्हा थर्मासमधून चहा ओतू नका. (अनुभव.)

बरगडीपेक्षा महाग पडलं ते विम्याचं कार्यालय. नाव घेत नाही. त्यांच्या फॉर्मवर रकाना होता: 'होडीवरील दुसऱ्या व्यक्तीची सही'. मी लिहिलं, दुसरी व्यक्ती नव्हती. फॉर्म अपूर्ण म्हणून परत. पुन्हा पाठवला, पुन्हा परत. सात महिने! शेवटी एका बाईंनी फोनवर विचारलं, मग होडी चालवत कोण होतं? तेव्हा तुमच्या पॉलिसीत एकट्याने चालवण्याबद्दल काय लिहिलंय ते आधीच वाचा, आणि होकार लेखी घ्या. सगळी कार्यालयं अशी असतात असं नाही, माझ्या वाट्याला हे आलं.

जीवरक्षक जॅकेट अंगावर, बंद लावून. हरणी तलावातल्या होडीच्या दुर्घटनेनंतर बडोदेकराला हे वेगळं सांगायला नको.

मी काही प्रशिक्षक नाही, नियम बदलतात, निघण्याआधी तिथल्या सूचना वाचा. आणि एक कळवा: तुमच्या होडीला मधला क्लीट आहे का? त्या काळच्या बऱ्याच होड्यांना नसतो. नसेल तर फोटो टाका, कुठे बसवायचा आणि खाली पाठबळाची पट्टी कशी लावायची ते सांगतो.